झोराइदाचा भाडेकरू

लग्न केलं म्हणून जिचं कर्ज अडलं अशी बाई आमच्या कोमासच्या टेकडीवर एकच, झोराइदा. आणि लग्न केलं होतं कशासाठी? तर कर्ज मिळावं म्हणून! सुरुवातीला ती स्वतःच ही गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगायची आणि पोट धरून हसायची. आता कुणी विषय काढलाच तर ती मिक्सर सुरू करते.

कोमासच्या बाजारात तिचा रसाचा गाळा आहे. पपई, संत्रं, गाजर, बीट. कुणाला रक्त कमी असेल तर बीट जास्त, कुणाला रात्रीची उतरवायची असेल तर लिंबू जास्त. हात चालतो तसं तोंडही चालतं. तेओदोमिरो तिचा माणूस. मोटोटॅक्सींच्या, म्हणजे तीनचाकी रिक्षांच्या, सीटा शिवायचं त्याचं काम. स्पंज भरायचा, रेक्झिन ताणून बसवायचं, पाठीवर मालकाच्या पोरांची नावं लाल दोऱ्यानं काढायची. अंगानं थोराड, बोलायला सावकाश. एकोणीस वर्षं दोघं एका छपराखाली राहिली, पण लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. आमची निम्मी टेकडी तशीच राहते, त्यात कुणाला काही वाटत नाही. मूलबाळ झालं नाही. ते दुःख दोघांनी आपापल्या परीनं गिळलं आणि एकमेकांना सांभाळून घेतलं.

घर झोराइदाच्या आईचं. आई गेली आणि चार भावांनी ते विकायला काढलं. हिच्या वाट्याला तेवीस हजार सोल आले, आणि जागा रिकामी करायला आठ महिने. सत्तेचाळीसाव्या वर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन खोल्या बदलत फिरायचं नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं. कारबाय्योला नव्या इमारती उभ्या राहत होत्या. दोन मोठ्या खोल्या, एक छोटी, न्हाणीत पांढरी फरशी, स्वयंपाकघराला खिडकी. ती खिडकी बघून बाई वेडीच झाली. तेवीस हजार आधी भरायचे, उरलेलं बँकेचं वीस वर्षांचं कर्ज.

"बँकेला लग्न झालेली जोडपी लागतात," हेर्मेलिंदानं सांगितलं. ही तिची कोमाद्रे. हिच्या पोराच्या बाप्तिस्म्याला झोराइदा धर्ममाता म्हणून उभी राहिली होती, त्यामुळे हिचा शब्द म्हणजे जवळजवळ पाद्र्याचाच शब्द. "माझ्या नणंदेनं लग्नाचा कागद दाखवला आणि फटकन कर्ज मिळालं. तुमचं काय, आज आहे उद्या नाही, असं वाटतं त्यांना."

"एकोणीस वर्षं झाली गं! अजून कुठला उद्या बघायचाय त्यांना?"

"ते तुला मला कळतं. बँकेला कागद कळतो. आणि फेब्रुवारीत नगरपालिका फुकटात लावते की लग्नं. वर केकसुद्धा देतात."

झालं. फेब्रुवारीतल्या कडक उन्हात, खेळाच्या मैदानावर, चौऱ्याऐंशी जोडप्यांत ही एक. तेओनं शेजाऱ्याचा कोट घातला होता, तो पोटावर मिटत नव्हता. नगराध्यक्षांनी सगळ्यांना एकदमच विचारलं, हिचा स्वीकार करता का? मैदान 'हो' म्हणून ओरडलं. सगळं शांत झाल्यावर तेओचा एकट्याचा सावकाश 'हो' ऐकू आला आणि सगळं मैदान हसलं. झोराइदानं त्याला कोपरानं ढोसलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "बरं वाटलं गं. मला नव्हतं वाटलं, पण बरं वाटलं." तिलाही वाटलं होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, याचं तिला आता फार वाईट वाटतं.

मार्चमध्ये दोघं लग्नाचा कागद घेऊन बँकेत गेली. टेबलापलीकडच्या सेन्योरितानं झोराइदाच्या ओळखपत्राचा नंबर टाकला आणि तिचा चेहरा खुलला. मग तेओचा टाकला. चेहरा पडला.

"सेन्योर तेओदोमिरो, तुमच्या नावावर अकरा हजार दोनशे थकलेत."

तेओनं टोपी काढून मांडीवर घेतली. "ते स्पीकर," तो म्हणाला.

"अजून ते स्पीकर?" झोराइदा किंचाळलीच.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेओच्या चुलतभावाला गाण्याबजावण्याचा बार काढायचा होता. त्याला उधारी कोण देणार? मग तेओनं आपल्या नावावर दुकानातून माणसाएवढे दोन स्पीकर उचलले, तीन हजार आठशेचे. बार चार महिने चालला. मग चुलतभाऊ एका पहाटे स्पीकरांसकट जंगलाकडच्या मुलखात पसार झाला, तो आजतागायत. वसुलीवाल्यांची पत्रं यायची, लाल अक्षरांची. "पाच वर्षं गप्प बसायचं, नाव यादीतून आपोआप गळतं," असं टेकडीवरचे जाणते सांगायचे, आणि दोघांनी त्यावर विश्वास ठेवला. पत्रं फोडायचीही नाहीत. गाळ्यावर संत्र्याच्या साली गुंडाळायला बरी पडायची.

"लग्न झालं की दोघांचं एकत्र बघावं लागतं, सेन्योरा," ती मुलगी म्हणाली.

"आणि झालं नसतं तर?"

"तर तुमच्या एकटीचा अर्ज मी आजच पुढे पाठवला असता."

झोराइदानं कपाळावर हात मारला. परतीच्या बसमध्ये तिनं तेओला असं काही फैलावर घेतलं, की कंडक्टरनं पैसे मागायचे टाळले. तेओ ऐकत राहिला. टेकडीच्या पायऱ्या चढताना मात्र थांबला आणि म्हणाला, "झोरा, पोयाडा घालू."

आता पोयाडा म्हणजे आमच्याकडे काय, तर कुणाचं ऑपरेशन निघालं, कुणाचं छप्पर उडालं, की अंगणात मोठी कढई चढते. आधी घरोघर कार्डं विकायची, मग रविवारी कार्ड आणेल त्याला तळलेली कोंबडी आणि बटाटा. आज मी तुझं कार्ड घेतलं, उद्या तू माझं घ्यायचं. तेओनं आयुष्यात एकाचंही कार्ड परत पाठवलं नव्हतं. वर प्रत्येकाच्या कढईशी दिवसभर फुकट उभा राहायचा.

"मी सगळ्यांसाठी राबलोय. माझ्या वेळेला कोण नाही म्हणेल?"

"आणि कार्डावर काय छापणार? झोराइदाच्या नवऱ्यानं कर्ज बुडवलं, या, कोंबडी खा? शोभा करून घ्यायचीय मला?"

"आजारपण म्हणून सांगतात, तसं काहीतरी सांगू."

"एका पोयाड्यात पंधराशे सुटतात. अकरा हजारांसाठी अख्ख्या पेरू देशातल्या कोंबड्या तळशील का?"

"पूर्ण नाही घेत ते. समोर जाऊन बसलं तर कमी करतात. शेजारच्या रुफिनोचं कर्ज नाही का मिटलं?"

"मला रुफिनो सांगू नकोस!"

तेओ पुढच्या पायऱ्या चढायला लागला. त्यानं परत विषय काढला नाही, आणि झोराइदाला वाटलं, बरं झालं, गप्प केला. त्या पायरीवर उभं राहून आपण एकदा 'बरं, घालू' म्हटलं असतं तर, हा विचार आता तिला बीट सोलताना येतो, ग्लास विसळताना येतो. तेव्हा शरम आडवी आली. टेकडीवरच्यांपुढे मान खाली जाईल याचीच भीती तिला होती.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच बँकेत गेली. गयावया करायलाच गेली होती. सेन्योरितानं तिचं ओळखपत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "यावर तुम्ही अविवाहित आहात."

होतीच. लग्न झाल्यावर ओळखपत्र बदलायचं, तर फोटो काढा, फी भरा, अर्धा दिवस रांगेत उभे राहा. आमच्याकडे कोण बदलतो?

"मला कार्डावरचं दिसतं तेवढंच दिसतं," सेन्योरिता म्हणाली. "मागचा अर्ज अजून टेबलाबाहेर गेलेला नाही."

झोराइदानं नवा अर्ज भरला. अविवाहित. सोबत कोण राहतं? कोणी नाही, एकटीच. सही करायच्या आधी तिनं पेन दोनदा खाली ठेवलं, हे खरं. पण सही केली, हेही खरंच. तेओला तिनं एवढंच सांगितलं, की काम होईल असं दिसतंय. कसं, ते सांगितलं नाही.

राहतं घर बघायला बँकेचा माणूस येणार होता. त्या गुरुवारी तिनं तेओला सकाळीच त्याच्या दुकानावर पिटाळलं. बँकेचा माणूस पायऱ्या चढून धापा टाकत आला, पाणी प्यायला, गाळ्याच्या पावत्या बघितल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मागच्या दारानं तेओ आत! कात्री विसरला होता. अंगात बनियन, हातात पावाचा तुकडा.

"हे सेन्योर कोण? अर्जात तर तुम्ही एकट्याच राहता असं आहे."

झोराइदा पावत्या पुन्हा जुळवायला लागली. तेओनं तिच्याकडे बघितलं. चांगलं निवांत बघितलं. मग पाव टेबलावर ठेवला, बनियन खाली ओढलं आणि म्हणाला, "मी भाडेकरू, साहेब. मागच्या खोलीत असतो. महिना अडीचशे. सेन्योरा फार कडक आहेत हो, एक तारीख चुकली की पाणी तोडतात."

बँकेचा माणूस हसला. 'भाड्याचं उत्पन्न अडीचशे' असं त्यानं लिहूनसुद्धा घेतलं. अर्ज उलट आणखी भक्कम झाला.

तो गेल्यावर झोराइदानं तेओच्या गळ्यात हात टाकले आणि हसत सुटली. "काय डोकं चाललं रे तुझं! मी तर मेलेच होते!" तोही हसला. मग पावाचा तुकडा उचलत म्हणाला, "एकटी राहते असं लिहिलंस?"

"कागदावर रे. फक्त कागदावर."

"हो, कागदावरच," तो म्हणाला आणि कात्री घेऊन गेला.

ऑगस्टमध्ये किल्ली मिळाली. सामान चढवताना जिन्यात पहिलीच गाठ पडली ती समोरच्या सेन्योरा ओब्दुलियाची. बोलकी बाई, हातात झाडू. आपली भाची कशी शिकते, आपला भाचा कसा त्याच बँकेत कामाला आहे, हे तिनं दोन मिनिटांत सांगून टाकलं. मग गादी उचलून येणाऱ्या तेओकडे हनुवटी करून विचारलं, "हे तुमचे...?"

बँकेचं नाव ऐकून झोराइदा सावध झाली होती. "भाडेकरू," ती म्हणाली. "छोट्या खोलीत असतात. अडीचशे देतात."

तेओनं गादी छोट्या खोलीत नेऊन टाकली.

सुरुवातीला मजाच वाटली दोघांना. तो तिला 'सेन्योरा, आज सूप आहे का?' असं विचारायचा, ती 'भाड्यात सूप येत नाही' म्हणायची. अंधार पडल्यावर तो दबक्या पावलांनी तिच्या खोलीत यायचा. पण भिंती पातळ आणि ओब्दुलियाचे कान तिखट. "तेओ, हळू!" "तेओ, शिंकू नकोस!" दोन महिन्यांनी त्याचं येणं थांबलं. "आपल्याच बायकोकडे चोरासारखं यायचा कंटाळा आला," तो म्हणाला, आणि पाठ दुखते म्हणून आपल्या पलंगावर पडला. झोराइदा त्याला बोलवायला गेली नाही. एक तारखेला तो अडीचशे सोल टेबलावर ठेवायचा. पहिल्यांदा ठेवले तेव्हा दोघं खो खो हसली होती. पण हप्ता नऊशे चाळीसचा होता, बाजार मंद होता. तिनं ते पैसे उचलले. पुढच्या महिन्यातही उचलले. मग ती सवयच झाली.

असं दीड वर्ष गेलं. एका रविवारी तेओ इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात आला आणि एक कागद तिच्यापुढे धरला. त्याच्या नावावर आता काहीही देणं नाही, असं वसुलीच्या कंपनीनं लिहून दिलं होतं. वर शिक्का.

"स्वतः जाऊन बसलो त्यांच्या पुढ्यात," तो म्हणाला. "घासाघीस केली. चौदाशेत मिटवलं. महिन्याला थोडे थोडे करून दिले."

"चौदाशेत?" झोराइदानं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. चौदाशे सोल. एक पोयाडा. एक रविवार.

"यादीतून नाव गेलं, झोरा. मी आता साफ आहे." एवढा मोठा माणूस, पण बोलताना लाजत होता. "आता सांग ना खाली लोकांना."

आणि झोराइदानं काय म्हणावं? म्हणाली, "आत्ता नको रे. मी खोटं लिहून दिलंय. त्या बाईच्या भाच्याच्या कानावर गेलं तर घर काढून घेतील. हप्ते फिटू देत, मग सगळ्यांना सांगू."

"किती राहिले?"

"साडेअठरा वर्षं."

"मी पंचाहत्तरचा होईन तेव्हा."

"म्हणजे काय फार नाही," ती म्हणाली. खरंच असं म्हणाली. देवानं त्या क्षणी जीभ का झडू दिली नाही, असं ती हेर्मेलिंदाला रडत रडत विचारते.

तेओनं कागदाची घडी केली. "बरं, सेन्योरा," तो म्हणाला. तोवर तो शब्द थट्टेचा होता. त्या दिवशी तो थट्टेचा नव्हता हे तिला कळलं. पण दुसऱ्या दिवशी बाजारात पपईची गाडी यायची होती, पहाटे उठायचं होतं. तिनं भांडी घासली आणि झोपली.

एप्रिलच्या एक तारखेला त्यानं अडीचशे ठेवले आणि तिथंच उभा राहिला. "सेन्योरा, महिनाअखेर मी खोली सोडतोय. महिनाभर आधी सांगायची रीत असते, म्हणून सांगितलं."

झोराइदा पैसे मोजत होती. हसली. "जा, जा! या भावात खोली शोधून दाखव. तीही आयत्या जेवणासकट!"

तोही थोडंसं हसला. महिनाभर तो फार चांगला वागला. गळका नळ बदलला, दाराच्या बिजागरीला तेल दिलं, छोट्या खोलीतले खिळे उपटून भोकांत पुट्टी भरली, वर रंगाचा हात मारला. झोराइदाला वाटलं, राग निवळला बाबाचा, घरात लक्ष घालायला लागला. जागा सोडताना भाडेकरू हेच करतो, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तीस तारखेला ती चार वाजता बाजारातून आली तेव्हा छोटी खोली झाडून स्वच्छ केलेली होती. पलंगावरची चादर धुऊन, घडी करून ठेवलेली. टेबलावर किल्ली.

ती त्याच्या दुकानावर धावली. शेजारचा मेकॅनिक म्हणाला, "शिलाई मशीन दुपारीच टेंपोत घातलं त्यानं. बहिणीकडे निघालो म्हणाला, हुआचोला. तुम्हाला सांगितलं नाही?" सांगितलं होतं. रीतसर, महिनाभर आधी सांगितलं होतं.

तीन दिवसांनी त्यानं फोन उचलला. मागे बहिणीच्या घरातली पोरं ओरडत होती.

"सेन्योरा, काही द्यायचं राहिलं का माझ्याकडून?"

"तेओ, पुरे झालं आता. परत ये."

"कोण म्हणून येऊ?"

झोराइदा स्वयंपाकघरात खिडकीपाशी उभी होती. समोरच्या दाराची कडी वाजली, ओब्दुलिया जिना झाडायला बाहेर आली होती. झोराइदानं फोन तोंडाजवळ घेतला. "माझा नवरा म्हणून ये," ती कुजबुजली.

 मग त्यानं विचारलं, "हळू का बोलतेस, झोरा?"

तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेईपर्यंत त्यानं फोन ठेवला होता. रागानं नव्हे, नेहमीसारखाच सावकाश. त्यानंतर तिनं दहादा फोन केला, तो उचलत नाही.

पंधरवड्यानं ओब्दुलियानं तिला जिन्यात गाठलं. "भाडेकरू सोडून गेले वाटतं? चांगला माणूस होता हो, कधी आवाज नाही. खोली रिकामी असेल तर माझ्या भाचीला हवीय. तीनशेसुद्धा देईल."

"खोली द्यायची नाही," झोराइदा म्हणाली. मग पिशवी खाली ठेवली आणि मोठ्यानं, अगदी खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "तो भाडेकरू नव्हता. माझा नवरा होता तो. एकवीस वर्षांपासूनचा."

ओब्दुलिया झाडू धरून तिच्याकडे बघत राहिली. भाच्याचं, बँकेचं काही तिच्या डोक्यात आलं नसावं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

"अगंबाई," ती म्हणाली, "मग त्याच्याकडून भाडं कशाला घ्यायचात?"